समोर उभ्या माणसाचे नाव

गेल्या मंगळवारी मी एका दैनिकाच्या संपादकांना पत्र पाठवले. त्यांच्या वार्ताहराने तालुक्याच्या कबड्डी सामन्यांची बातमी देताना दोन शाळांच्या संघांना ‘कट्टर वैरी’ असे म्हटले होते. त्या मुलींचे वय बारा-तेरा. सामना संपल्यावर त्या एकाच मडक्यातून पाणी पीत होत्या, हे त्याच बातमीखालच्या छायाचित्रात स्वच्छ दिसत होते. ‘वैरी’ या शब्दाला आधार कोणता, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर आलेले नाही आणि येणारही नाही. तरी पत्र मी पोचपावतीसह पाठवले आणि प्रत फायलीत लावली. घरची मंडळी म्हणतात, तुम्हाला फार राग येतो. येतो, आणि मुख्यतः दोन गोष्टींचा येतो. समोरच्या माणसाला चुकीचे नाव दिले म्हणजे येतो, आणि नियमातले अर्धेच वाक्य उचलून वापरले म्हणजे त्याहून अधिक येतो. ही दोन्ही पापे ज्याने पहिल्यांदा एकाच कागदावर केलेली मी पाहिली, तो माणूस मीच होतो. त्या कागदाची प्रत माझ्यापाशी नाही. म्हणून ती येथे आठवणीतून सादर करीत आहे.

तेव्हा गडचिरोली हे चांदा जिल्ह्यातले तहसिलीचे गाव होते. आमचे घर कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि माझे वडील कचेरीच्या आवारातल्या चिंचेखाली लाकडी पेटी मांडून बसणारे अर्जनवीस. रानातून लाकूडफाटा आणायचा हक्क, बांधाची तक्रार, बैल कोंडवाड्यात घातल्याची फिर्याद, असे अख्ख्या मुलखाचे गाऱ्हाणे त्यांच्या बोरूतून कचेरीत जात असे. त्यांचे तीन नियम होते. अर्जात शिवी लिहायची नाही. कायद्याचे वाक्य उतरायचे तर पूर्णविरामापर्यंत उतरायचे. आणि खाडाखोड झाली तर तिच्या बाजूला सही करायची, म्हणजे चूक कोणाची हे चूक सुधारल्यावरही कळते. मी या तीन नियमांवर वाढलो, तसाच माझ्या मायच्या लाखोळीच्या डाळीवर आणि अंबाडीच्या भाजीवर वाढलो. सकाळी मला जाग येई ती अंगणातल्या मुसळाच्या आवाजाने, आणि त्या आवाजाच्या मागून गोठ्यातून मामाचा आवाज येई. तो आवाज जपानी असे.

यात अतिशयोक्ती नाही. गोविंदामामा, मायचा धाकटा भाऊ, पलटणीत गेला होता आणि सिंगापुरात इंग्रज शरण गेला तेव्हा जपान्यांच्या कैदेत पडला. छावणीच्या कोठारात तांदळाची पोती मोजता मोजता तो त्यांची भाषा शिकला. परत आल्यावर त्याने त्या वर्षांविषयी कोणालाही काही सांगितले नाही. मायने विचारले तर ‘भात कमी होता’ एवढेच म्हणे. दोन कोसांवरच्या गावी त्याची धानाची शेती होती, पण बैल तो आमच्याकडे बांधी, कारण लग्न केले नव्हते आणि जेवायला तो आमच्याकडेच असे. बोलायचे ते मात्र तो बैलांशी बोले, आणि जपानीत बोले. पळवायचे असले की ‘हायाकु!’, आणि वैरण पुढे टाकली की हळूच ‘दोझो’, म्हणजे घ्या, आपलेच आहे. गावातले लोक हसत. मी आणि याकूब मात्र त्या गोठ्याच्या दाराशी बसून ती भाषा शिकलो.

याकूब हा बसथांब्याजवळच्या कल्हईवाल्या करीमचाचांचा मुलगा. आम्ही नववीपर्यंत एका बाकावर होतो. नवसागराच्या धुराने चाचांची छाती बिघडली तेव्हा शाळा सोडून तो भात्यापुढे बसला, आणि आठवडी बाजारांसाठी कुरखेड्याकडे आणि रानातल्या गावांकडे पायी फिरू लागला. त्या फिरण्यात तो गोंडी बोलायला शिकला. आमच्या घरी तो जेवत असे, पण त्याचे ताट वेगळे होते. ही गोष्ट मी लपवणार नाही. ते ताट तो दर महिन्याला स्वतः दुकानात नेऊन त्याला कल्हई करी आणि परत आणून मायच्या पुढे धरी. ‘माय, पाह्य, तुह्या घरात सगळ्यायच्याहून चकचकीत ताट माहं हाय.’ माय हसे आणि मग त्या ताटात जास्तच भाजी वाढी. जपानीत आमची वाटणी आपोआप झाली होती. मामाची एक जुनी वही होती, तिच्यात त्याने छावणीत शब्द लिहिले होते. ती मी पाठ केली. याकूब वहीला हात लावत नसे. तो मामाचे ऐके.

त्या हिवाळ्यात कचेरीच्या फळ्यावर एक जाहीरनामा लागला. सूरजागडच्या डोंगरातला लोखंडी दगड पाहण्यासाठी जपानहून दोन अभियंते येत होते, आणि त्यांच्यासोबत दोन महिने राहील असा दुभाषी हवा होता. निवड थोरले अभियंते स्वतः करणार होते. मी तो कागद जवळजवळ धावतच याकूबच्या दुकानी नेला, म्हणजे त्याची नक्कल नेली, आणि भात्याच्या आवाजावर आवाज चढवून वाचून दाखवली: ‘उमेदवार मॅट्रिक उत्तीर्ण अथवा तत्सम योग्यतेचा असावा.’

‘तत्सम म्हणजे का गा, निळू?’

‘म्हणजे परीक्षा दिलेली नसली तरी तितक्याच लायकीचा. म्हणजे तू.’

त्याने पातेले चिमट्याने उलटे केले, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाने एका हातासरशी ती चांदी सगळीकडे पसरवली. ‘म्हणजे भांडं पितळेचं, पण आतून कल्हई असली तं चालते.’

‘अर्ज मी लिहितो,’ मी म्हणालो, आणि लिहिलाही. तेव्हा मी सज्जन होतो. मला वाटत होते की निवडीत मी पहिला येईन आणि तो दुसरा.

त्या नेमणुकीचा पगार म्हणजे माझे नागपूरचे कॉलेज होते. मॅट्रिक होऊन मी आठ महिने वडिलांच्या पेटीशी बसत होतो. ही नेमणूक मिळाली नाही तर मी त्या चिंचेखालीच म्हातारा होणार, हे मला दिसत होते. याकूबसाठी ती धुराबाहेरची दोन महिन्यांची हवा होती. हे मला तेव्हाही माहीत होते. येथे नोंद करून ठेवतो की माहीत होते.

अभियंत्यांची जीप आली त्या दिवशी विश्रामगृहापुढे अर्धे गाव जमले. थोरल्यांचे नाव हायाशी. केस पिकलेले, पाय किंचित ओढत चालणारे. मी धुतलेला सदरा घालून पुढे झालो. वहीतले सर्वांत ठसठशीत वाक्य मी निवडून ठेवले होते. खुर्चीकडे हात करून मी मोठ्याने म्हणालो, ‘सुवारे!’ याचा अर्थ ‘बसा’ असा मी लावला होता. खरा अर्थ ‘बस खाली!’ असा आहे, आणि तो कैद्याला उद्देशून आहे. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी थांबले. मी गडबडलो आणि वहीतले पुढचे वाक्य म्हणालो, ‘बांगो!’ हा हजेरीचा हुकूम. धाकटे अभियंते, बिचारे, खरोखरच पाय जुळवून ताठ उभे राहिले. आमची दोघांची भाषा छावणीतून आली आहे, आणि माझ्या वहीत एकही क्रियापद असे नाही जे हुकूम नाही, हे मला तेव्हा उमगले. तेवढ्यात याकूब गर्दीतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे धरला आणि मामा बैलांना म्हणतो तसे हळूच म्हणाला, ‘दोझो.’ हायाशी पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी खानसाम्याने कचेरीत सांगितले की साहेबांनी ‘पाणीवाला पोरगा’ दोनदा विचारला. मी ते ऐकले, घरी आलो आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. मराठी मसुदा एका बैठकीत झाला. पण निवड हायाशींच्या हाती होती. त्यांना तो त्यांच्या भाषेत दिला पाहिजे, असे मला वाटले. तेथे पहिल्याच ओळीत मी अडलो. ‘माझा प्रतिस्पर्धी याकूब’ यातल्या प्रतिस्पर्ध्याला जपानीत काय म्हणायचे, हे मला ठाऊक नव्हते.

मामा गोठ्यात बैलांच्या शिंगांना तेल चोळत होता. ‘मामा, आपल्या समोर जो उभा राह्यते, त्याले जपानीत का म्हणतेत?’

‘कुठी उभा हाय, ते सांग आधी.’

‘कुठीही.’

‘कुठीही कसा उभा राहीन?’ त्याने दुसरे शिंग धरले. ‘लढाईत असंन तं तेकि. त्याले आपण मारलं नाई तं तो आपल्याले मारते. बापाले मारलं, घर जाळलं अन् त्याचा सूड जनमभर मनात धरला, तो कताकि. बाजारात तुह्या दुकानासमोर दुकान टाकलं तं शोबाइगाताकि. अन् एकाच पोरीपाई दोघं येडे झाले तं कोइगाताकि. ह्यातला कोणता पायजे?’

‘अन् खेळातला?’

‘तो आइते. नुसता समोरचा. ज्याच्यासंगं खेळतो तोही आइते, ज्याच्यासंगं दोन शब्द बोलतो तोही आइते.’ मग त्याचा हात थांबला. ‘अन् एक हाय. कोतेकिशु. तो मी तिथी एकदाच आयकला. पहाऱ्यावरचे दोन शिपाई कुस्ती खेळले. जो हारला तो उठला, वाकला अन् जितलेल्याले तसं म्हणला. म्हणजे असा समोरचा, का तो हाय म्हणून आपण बरे झालो.’ त्याने माझ्याकडे पाहिले. ‘काऊन विचारून राह्यला?’

‘सरावासाठी,’ मी म्हणालो. हे पहिले खोटे.

नोकरीसाठी एकाच दारात उभ्या असलेल्या दोघांचा शब्द मामाच्या यादीत नव्हता. तो ज्या छावणीतून आला तेथे कोणी नेमणुकीसाठी अर्ज करत नव्हते. मी ते सारे शब्द कागदावर एकाखाली एक मांडले आणि वकिली डोक्याने तोलले. ‘आइते’ फारच मऊ वाटला. त्याने कोणाचा अर्ज फेटाळला जाणार? वजन ‘तेकि’ला होते. जपानी लिपी मला येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मी तेकि लिहिले. त्याखाली लिहिले की जाहीरनाम्याप्रमाणे उमेदवार मॅट्रिक उत्तीर्ण असावा, आणि याकूब नाही. तेथे मी पूर्णविराम दिला. ‘अथवा तत्सम’ मी लिहिले नाही. विसरलो नाही, लिहिले नाही. वडिलांनी मराठी मसुदा पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, ‘जाहीरनाम्याचं वाक्य पूर्ण आहे ना?’ मी हो म्हणालो. हे दुसरे खोटे. ‘मग हरकत रास्त आहे,’ ते म्हणाले. शनिवारी दुपारी मी अर्ज विश्रामगृहाच्या चौकीदाराकडे दिला. साहेब सोमवारी दोन्ही उमेदवारांना बोलावणार होते.

रविवारी मामाच्या गावचा शंकरपट होता. धान निघाल्यावर आमच्या झाडीपट्टीत बैलजोड्यांच्या शर्यती होतात. दोन जोड्या शेजारी शेजारी पळतात, आणि पटाला चार गावांहून माणूस येतो. मामाची जोडी दरवर्षी तुळशीरामभाऊंच्या जोडीशी लागे आणि माणसे मुख्यतः तीच पाहायला येत. त्या गावची एक रीत आहे. जोड्या उभ्या राहिल्या की मालकाने आपल्या बैलांना गुलाल लावायचा नसतो. समोरच्याच्या बैलांना लावायचा असतो. मामाने तुळशीरामभाऊंच्या बैलांची कपाळे माखली, त्यांनी मामाच्या बैलांची. इतक्यात तुळशीरामभाऊंच्या डाव्या बैलाचे जोते, म्हणजे त्याला जुवाशी बांधणारा पट्टा, ताडकन तुटला. बैल बावचळला. पंचांनी पहिली हाक दिली. थोड्या वेळाने दुसरी दिली. तिसऱ्या हाकेला जी जोडी तयार नसेल ती हरली, असा त्या पटाचा नियम होता, आणि बांधावर उभा राहून तो नियम सर्वांत मोठ्याने ओरडणारा मी होतो. ‘तिसरी हाक द्या! नियम आहे!’

मामाने माझ्याकडे वळून पाहिले. मग पंचांना हात करून थांबवले, डोक्याचा दुपट्टा सोडला, त्याला पीळ घातला आणि तुळशीरामभाऊंच्या बैलाच्या मानेखाली स्वतः बांधून दिला. उघड्या डोक्याने तो आपल्या जोडीमागच्या छकड्यावर चढला. ‘हायाकु! हायाकु!’ माती उडाली, घुंगरमाळांचा एकच कल्लोळ झाला, आणि मामाची जोडी मानभर अंतराने हरली.

‘गोविंदभाऊ,’ तुळशीरामभाऊ धापा टाकत ओरडले, ‘तुह्या बैलायले मराठी शिकव गा आता! जपान तं हारलं!’ सगळा पट हसला आणि मामा सर्वांत जास्त हसला.

माझे मात्र डोके तापले होते. परतीच्या वाटेवर मी भांडलो. ‘नियमानं तुम्ही जितले होते, मामा. कायद्यानं.’

‘कोणाले जितलो असतो?’

‘तुळशीरामभाऊले.’

‘तो तं उभाच होता. मंग का रिकाम्या मातीले जितलो असतो?’ तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालत होता. ‘वर्षभर मी ह्यायले त्याच्यापाई पळवतो, अन् तो त्याचे माह्यापाई. तो नसता तं हे बैल आतापर्यंत नुसते नांगराचे झाले असते.’

‘मग त्याले जपानीत का म्हणायचं?’ मी चिडून विचारले.

‘सकाळपावेतो आइते,’ मामा म्हणाला. ‘आता कोतेकिशु.’

मी पुढचा एक कोस धावत गेलो. विश्रामगृहाच्या ओसरीत चौकीदार विडी वळत बसला होता. ‘कागद? तो तं साहेबाले सकाळीच देल्ला. साहेबानं वाचला. बराच वेळ वाचला.’

सोमवारी मामालाही बोलावणे आले. या दोघांना कोणी शिकवले ते साहेबांना पाहायचे होते. ओसरीत दोन्ही अभियंते वेताच्या खुर्च्यांवर, पुढे टेबल, टेबलावर माझा कागद. याकूब नवा लुंगी-सदरा घालून आला होता आणि माझ्याशी नेहमीसारखा हसला. मामा पायरीखालीच उभा राहिला. वाटाड्या म्हणून डोंगरातून आणलेला एक म्हातारा माडिया गोंड ओसरीच्या टोकाला उकिडवा बसला होता.

हायाशींनी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत माझा अर्ज वाचला. ‘तेकि’ हा शब्द आला तसा याकूबने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तो शब्द त्याला येत होता. आम्ही एकाच गोठ्यात शिकलो होतो. हायाशींनी बोट त्या शब्दावर ठेवले आणि म्हणाले, हा शब्द मी फार वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. हा तुला कोणी शिकवला? मी पायरीखाली बोट दाखवले.

विरुद्ध बाजूंचे ते दोघे जुने सैनिक एकमेकांकडे पाहत राहिले. एकाचा पाय ओढत होता, दुसऱ्याच्या तोंडात त्याची भाषा होती. मग हायाशी उठले, आपली खुर्ची दोन्ही हातांनी ओढून पायरीपाशी आणली आणि म्हणाले, ‘दोझो.’ मामाच्या तोंडून इतकी वर्षे तो शब्द बैलांसाठी निघत होता. त्याने पायातल्या वहाणा काढल्या, वर आला आणि बसला. हायाशी उभेच राहिले. उभे राहूनच त्यांनी मला विचारले: हा मुलगा तुझा तेकि आहे?

आयुष्यात पुढे मी पुष्कळ न्यायाधीशांपुढे उभा राहिलो. इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नाही. मी लेखणी मागितली. तेकि खोडले, वर आइते लिहिले, आणि बाजूला सही केली. मग मी म्हणालो, म्हणजे मोडक्या जपानीत आणि उरलेले मराठीत, ज्याचे जपानी मामा करीत गेला, की अर्जात आणखी एक दोष आहे. जाहीरनामा मागवावा. चौकीदाराने फळ्यावरचा कागद उचकटून आणला आणि मी ते वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचले. ‘अथवा तत्सम योग्यतेचा’ हे शब्द मी गाळले होते, हे सांगितले. याकूबला हेच शब्द वाचून दाखवून मीच अर्ज करायला लावला होता, हेही सांगितले. माझा आवाज चढत गेला. रागावल्याशिवाय मला खरे बोलता येत नाही, हे तेव्हापासूनचे आहे.

‘तत्सम हे कसे सिद्ध होते?’ हायाशींनी विचारले. अगदी योग्य प्रश्न. मी त्या माडिया वाटाड्याकडे हात केला आणि म्हणालो, हा सकाळपासून येथे बसला आहे, याला काय हवे आहे ते मला विचारा. त्यांनी विचारले. मला एक अक्षर कळत नव्हते, तसे मी सांगितले. मग याकूबला विचारा. याकूब म्हाताऱ्यापाशी जाऊन त्याच्यासारखाच उकिडवा बसला. दोघे बराच वेळ बोलले, मध्येच हसले. मग याकूब उठला आणि मामाच्या गोठ्यातल्या त्या मोडक्यातोडक्या, पण एकही हुकूम नसलेल्या जपानीत म्हणाला, की आजोबा म्हणतात, ज्या वाटेने जीप न्यायची आहे तिच्यावर त्यांचे देवाचे ठिकाण आहे. वळसा घालणारी दुसरी वाट ते दाखवतील, पण आधी कोणी विचारले पाहिजे.

नेमणूक याकूबची झाली. धाकटे अभियंते, ज्यांना मी हजेरीला उभे केले होते, माझा खांदा थोपटून हसत म्हणाले, ‘राइबारु!’ तो शब्द आम्हा तिघांनाही कळला नाही. पुढे कळले की तो इंग्रजी ‘रायव्हल’च, जपानी कपडे घातलेला. युद्धाच्या काळात तिकडे इंग्रजी शब्दांना मनाई होती, म्हणून मामाच्या छावणीत तो पोचलाच नव्हता. वडिलांना संध्याकाळी सारे कळले. ते फक्त म्हणाले, ‘एकाच हाताने लिहिलेले दोन अर्ज, एकमेकांविरुद्ध. कचेरी वर्षभर हसेल.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘खाडाखोडीशेजारी सही केलीस?’ मी हो म्हणालो. हे खरे होते.

याकूब त्या दिवशी माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालला. मला वाटत होते की तो मारील, आणि मारले असते तर बरे झाले असते. दुकानाची फळी उघडताना तो एकदम वळला.

‘वकील, एवढा लंबा अर्ज लिवला, अन् दोनच शब्द खाऊन गेला? मायनं जेवू नव्हतं घातलं का?’

मी फळीचे दुसरे टोक धरले.

‘बस,’ तो म्हणाला. ‘भाता ओढ. दोन महिने मी नाई. बाबाले तोवर धूर लागू द्यायचा नाई. तू कचेरीतून आला का रोज घंटाभर ओढजो.’

ही मला झालेली शिक्षा होती, आणि मी ती दोन महिने एकही दिवस न चुकवता भोगली. करीमचाचा बाहेर बाजेवर बसून सांगत, मी आत भात्यापुढे खोकत असे. याकूबची पत्रे डोंगरातून जंगलखात्याच्या शिपायाबरोबर येत. त्यांची सुरुवात ‘कोतेकिशु’ अशी असे आणि शेवटी हटकून विचारलेले असे, भाता नीट ओढून राह्यला का? दगडाचे पुढे काय झाले हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर मी पुष्कळ पत्रे लिहिली आहेत. याकूबला मात्र त्या दोन महिन्यांनी मोजणीच्या कामाची वाट सापडली आणि तो परत भात्यापुढे बसला नाही.

मी नागपूरला गेलो तो एक वर्ष उशिरा, चिंचेखाली आणखी एक पावसाळा काढून. त्या वर्षी मी पूर्ण वाक्ये उतरायला शिकलो. निघायच्या दिवशी सकाळी माय, वडील, मामा असे सगळे बसथांब्यावर आले. मायने फडक्यात तांदळाची भाकर आणि लाखोळीचे वडे बांधून दिले होते. याकूब धावत आला. एका हातात त्याने स्वतः कल्हई केलेला तांब्या होता, इतका लखलखीत की त्यात आमची सगळ्यांची तोंडे दिसत होती. दुसरी मूठ मिटलेली. मी तांब्या घ्यायला वाकलो तशी त्याने मूठ उघडली आणि माझे कपाळ, भुवया, अर्धे नाक गुलालाने माखून टाकले.

‘हे का करून राह्यला?’ मी ओरडलो. ‘बैल समजला का मले?’

‘आपल्या बैलाले आपण लावत नाई गा,’ याकूब म्हणाला. ‘समोरच्याच्याले लावतो.’

बस सुटली. मामाने मागून हात वर केला आणि सगळ्या बसथांब्याला ऐकू जाईल असे, आपल्या बैलांना ओरडे तसे ओरडला, ‘हायाकु!’